ससा पाळायचा तर आधी लेंड्या ओळखायला शिका

घरातला ससा दगावला की बहुतेक घरांत एकच वाक्य ऐकू येतं, "काल संध्याकाळपर्यंत तर घरभर उड्या मारत होता." सांगणारे खरंच सांगत असतात. ससा मुळात इतरांचं भक्ष्य असलेला प्राणी. रानात जो दुबळा दिसतो त्याच्यावर आधी झडप पडते, त्यामुळे दुखणं लपवणं त्याच्या अंगात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं आहे. कुत्रा कण्हतो, ससा मात्र कोपऱ्यात अंग आखडून गप्प बसतो आणि घरच्यांना वाटतं, आज शांत आहे. चेहऱ्यावरून त्याचं फारसं काही कळत नाही. कळतं ते पिंजऱ्याच्या तळाशी. रोज सकाळी ज्या लेंड्या आपण झाडून केराच्या डब्यात टाकतो, त्यांत त्याच्या तब्येतीचा सगळा हिशेब असतो. म्हणून ससा आणायचं म्हणणाऱ्याला मी आधी एवढंच सांगते, लेंड्या ओळखायला शिका. काय खायला घालायचं, उन्हाळ्यात काय करायचं, दवाखाना कधी गाठायचा, हे सगळं मग आपोआप समजत जातं.

पोटात नक्की काय चालतं

गाय चारा आधी आंबवते आणि मग पचवते. सशात हा क्रम उलटा आहे. खाल्लेलं आधी जठरात आणि लहान आतड्यात जातं, तिथे पचण्याजोगं असेल ते पचतं. उरलेला चोथा मोठ्या आतड्याच्या तोंडाशी आला की त्याची वाटणी होते. लांब, जाड तंतू पुढे ढकलले जातात आणि कडक, गोल, कोरड्या लेंड्यांच्या रूपाने बाहेर पडतात. या तंतूंमधून सशाला अन्न म्हणून जवळपास काही मिळत नाही, पण आतडं हलतं ठेवायचं काम तेच करतात. बारीक कण आणि पाणी मात्र मागे ओढलं जातं आणि लहान-मोठ्या आतड्यांच्या सांध्यावरच्या एका भल्यामोठ्या पिशवीत जमा होतं. डॉक्टर तिला सीकम म्हणतात. ही पिशवी जठरापेक्षा कितीतरी मोठी असते आणि तिच्यात अब्जावधी जिवाणू राहतात. सशाला लागणारं बरंचसं पोषण तेच तयार करून देतात.

ज्यांच्या घरी गोबरगॅस होता त्यांना ही पिशवी लगेच कळेल. टाकीत रोज सारखाच शेणकाला पडत राहिला तर ती वर्षानुवर्षं बिनतक्रार चालते. एखाद्या दिवशी भलतंच काही ओतलं किंवा चार दिवस काहीच घातलं नाही, तर आतलं सगळं बिघडतं आणि गॅस येणं थांबतं. सशाच्या पोटातही नेमकं हेच होतं. पोळी, बिस्किटं, चुरमुरे, भिजवलेले हरभरे असं पिठूळ आणि गोड खाणं जास्त झालं की त्यातला बराच भाग न पचता या पिशवीत उतरतो. चांगले जिवाणू मागे पडतात, विष सोडणारे वाढतात. गवत कमी पडलं तर आतडं हळूहळू थंडावतं. वर आणखी एक अडचण अशी की सशाला उलटी करता येत नाही. पोटात गेलेलं बाहेर पडायला पुढची एकच वाट असते, आणि ती अडली की जीव धोक्यात येतो.

पिशवीत आंबून तयार झालेला माल दुसऱ्या प्रकारच्या लेंड्यांतून येतो. या लेंड्या मऊ, गडद, चकचकीत असतात, एकमेकींना चिकटलेल्या, वर पातळ बुळबुळीत आवरण, वास उग्र. बहुधा रात्री उशिरा किंवा पहाटे त्या होतात आणि धडधाकट ससा त्या जमिनीवर पडूच देत नाही. मान खाली घालून थेट तोंडाने घेतो आणि न चावता गिळतो. बघणाऱ्याला किळस येते, काही जण त्याला दटावतातही. कृपा करून दटावू नका. जिवाणूंनी बनवलेली प्रथिनं, ब गटातली जीवनसत्त्वं, के जीवनसत्त्व, असं सगळं त्या लेंड्यांत असतं आणि ते अंगी लागायचं तर दुसऱ्यांदा पोटातून जावंच लागतं. या मऊ लेंड्या रोज सकाळी पिंजऱ्यात पडलेल्या किंवा शेपटीखालच्या केसांना चिकटलेल्या दिसू लागल्या, तर मात्र तो इशारा समजा. एक तर त्याला दुकानातल्या कांड्यांचा खुराक जास्त होतो आहे, किंवा जाडीमुळे, पाठीच्या दुखण्यामुळे, दातांच्या त्रासामुळे त्याचं तोंड तिथपर्यंत पोचत नाही.

दात, आणि म्हणून गवत

सशाच्या तोंडात २८ दात असतात आणि ते सगळेच्या सगळे मरेपर्यंत वाढत राहतात. पुढचे दात आठवड्याला साधारण २ मिलिमीटर वाढतात. मागच्या दाढा वरून दिसत नाहीत म्हणून त्या लक्षातही येत नाहीत, पण खरा घोळ तिथेच होतो. त्यांची झीज व्हायची तर जबडा आडवा फिरायला हवा. एकदा शेजारी बसून नीट बघा. गवताची काडी तोंडात गेली की खालचा जबडा डावी-उजवीकडे इतक्या झपाट्याने फिरतो की मिनिटाला शंभराहून जास्त फेरे होतात. तोच ससा खुराकाची कांडी खातो तेव्हा जबडा वर-खाली चालतो, दोन-चार दाबांत कांडी फुटते आणि घास संपतो. दाढा झिजायच्या राहतात, त्यांना टोकदार कंगोरे येतात, ते जिभेत किंवा गालात रुततात. भूक असते, तो ताटलीजवळ येतो, हुंगतो आणि मागे सरतो. हनुवटी ओली राहायला लागते. लाकडाचा ठोकळा कुरतडायला दिला की दातांचं काम झालं, असं दुकानात सांगतात. त्याने पुढच्या दातांना थोडा उपयोग होतो, दाढांना नाही.

म्हणजे पोटालाही गवत हवं आणि दातांनाही गवतच. मोठ्या सशाच्या खाण्यात पाचांतले चार हिस्से वाळलेलं गवत असावं आणि ते दिवसरात्र त्याच्यासमोर असावं. रोज त्याच्या अंगाएवढा ढीग घालायचा, उरलेला सकाळी काढायचा, ताजा घालायचा. पाकिटातलं टिमोथी गवत उत्तम, पण ते महागात पडतं, आणि त्याच्यावाचून अडतं असंही नाही. गावाकडे गोठ्यासाठी साठवलेलं चांगलं वाळलेलं मारवेल किंवा डोंगरी गवत चालतं. ते हिरवट असावं, त्याला गोडसर वास यावा, हातात घेतल्यावर धूळ उडू नये आणि बुरशीचा ठिपकासुद्धा नसावा. पावसाळ्यात गवताचं पोतं जमिनीवर ठेवलं की खालून दमट होतं. फळीवर ठेवा, आणि कुबट वास आला की जिवावर आलं तरी फेकून द्या.

ओल्या गवतात हरळी सहज मिळते. गणपतीच्या दिवसांत फुलवाल्याकडे दुर्वांच्या जुड्या असतात, त्या दोन-तीन पाण्यांनी धुऊन दिल्या तर ससे आवडीने खातात. कोवळ्या ज्वारीची ताटं मात्र देऊ नयेत. गुरांना ती बाधतात हे शेतकऱ्यांना ठाऊक असतं, कारण त्यांत सायनाइड तयार होतं. ते सशालाही तितकंच घातक.

लसूणघासाबद्दल, म्हणजे ल्यूसर्नबद्दल, थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडे हिरवा चारा म्हटला की हात आधी तिकडेच जातो. सहा महिन्यांपर्यंतची पिल्लं, गाभण आणि अंगावर पाजणारी मादी यांना लसूणघास चांगला. त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम भरपूर असतं. मोठ्या सशाला तेच नडतं. बहुतेक प्राण्यांचं शरीर अन्नातलं कॅल्शियम गरजेपुरतं घेतं, सशाचं शरीर मिळेल तेवढं शोषतं आणि जास्तीचं लघवीवाटे काढतं. म्हणून सशाची लघवी एरवीही थोडी गढूळ असते. लसूणघास रोजचा झाला की मूत्राशयात चुन्यासारखा गाळ साठतो आणि खडेही होतात. लघवी कधी नारिंगी, कधी लालसर दिसली तर लगेच घाबरू नका, काही पाल्यांमुळे आणि शरीरातल्या रंगद्रव्यांमुळे तसा रंग येतो. पण दोन दिवस टिकला, किंवा लघवी करताना ससा ताण देताना दिसला, तर तपासून घ्यायलाच हवं.

पालेभाजी रोज मूठ-दोन मुठी. कोथिंबीर, पुदिना, शेपू, मेथी, मुळ्याचा आणि गाजराचा पाला, हे आलटून-पालटून. गाजर स्वतः मात्र खाऊ आहे, त्यात साखर बरीच असते. आठवड्यातून दोन-तीनदा एखादी चकती पुरते, आणि फळांचंही तेच. कांड्यांचा खुराक द्यायचाच तर वजनाच्या किलोमागे रोज २५ ग्रॅमच्या आत. दाणे, सुका मेवा आणि रंगीत तुकडे घातलेली मिश्रणं दुकानात आकर्षक दिसतात, ती घेऊच नका. ससा त्यातलं गोड तेवढं वेचून खातो. कांदा, लसूण, बटाटा, चॉकलेट, ॲव्होकॅडो वर्ज्य. घरात मोकळा फिरत असेल तर कुंड्यांकडेही बघा. कण्हेर अतिशय विषारी असते. अळू, मनी प्लांट आणि डिफेनबाकिया यांनी तोंड आणि घसा पेटतो.

नवीन काहीही एकदम सुरू करू नका. आधी थोडंसं, मग दोन दिवस लेंड्या बघा, मग वाढवा. नवीन ससा आणलात तर पहिल्या आठवड्यात तो आधी जे खात होता तेच चालू ठेवून गवत वाढवत न्या.

लेंड्या काय सांगतात

चांगली लेंडी हरभऱ्याएवढी किंवा त्याहून थोडी मोठी, गोल, फिकट तपकिरी आणि हलकी असते. बोटांत दाबली तर भुगा होतो आणि आत गवताचे बारीक तंतू स्पष्ट दिसतात, वास जवळजवळ येत नाही. दिवसभरात अशा शे-दोनशे किंवा त्याहूनही जास्त पडतात. मोजत बसायची गरज नाही, रोज साफ करणाऱ्याच्या नजरेला ढीग किती असतो हे चार-आठ दिवसांत समजतं. लेंड्या लहान, काळपट, घट्ट किंवा वेड्यावाकड्या व्हायला लागल्या तर गवत किंवा पाणी कमी पडतंय. केसांनी माळेसारख्या गुंफलेल्या आल्या तर केस गळण्याचे दिवस आहेत, रोज ब्रश करा आणि गवत वाढवा. खरी पातळ जुलाबासारखी हगवण मोठ्या सशाला क्वचित होते, आणि लहान पिल्लाला झाली तर ते काही तासांत जाऊ शकतं.

लेंड्याच नाहीत, ही सगळ्यांत वाईट खूण. आतडं मंदावून थांबतं त्याला डॉक्टर जीआय स्टेसिस म्हणतात. कमी गवत, दातदुखी, कमी पाणी, उन्हाचा तडाखा, मोठी भीती, यांतलं कुठलंही कारण पुरतं. दिवाळीत फटाक्यांच्या दुसऱ्या दिवशी किंवा खिडकीखालून ढोलताशाची मिरवणूक गेल्यावर ससा खाणं सोडतो ते यामुळेच. आतडं थांबलं की आत गॅस होतो, गॅसने कळ येते, कळीमुळे तो खात नाही आणि न खाल्ल्याने आतडं आणखी थांबतं. ससा पाठ वर करून, डोळे अर्धे मिटून बसतो, दात करकर वाजवतो, आवडीची कोथिंबीर पुढे केली तरी तोंड फिरवतो.

बारा तास खाल्लं नाही आणि लेंडी पडली नाही, तर सकाळची वाट बघायची नाही. ही तातडीची वेळ आहे. कानांना हात लावा. ते गार लागत असतील तर अंग थंड पडतंय, त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून गरम पाण्याची बाटली कापडात लपेटून शेजारी ठेवा आणि निघा. पोट हाताला नगाऱ्यासारखं ताणलेलं, टणक लागत असेल तर बळजबरीने काही भरवू नका, आतडं अडलेलं असू शकतं. डॉक्टर सलाइन आणि वेदनाशामक देतात आणि अडथळा नाही याची खात्री झाल्यावर गवताची पातळ पेज सिरिंजने भरवायला सांगतात. तेव्हा सिरिंज तोंडाच्या बाजूने, पुढच्या दातांमागच्या मोकळ्या जागेतून घालायची आणि एका वेळी थोडंथोडंच द्यायचं.

एप्रिल-मे

सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर सोडतो, म्हणून उन्हाळ्यात कान लाल आणि तापलेले दिसतात. १५ ते २१ अंशांत तो सुखात असतो आणि ३० च्या वर गेलं की धोका सुरू होतो. विदर्भ-मराठवाड्यात ४२-४४ अंशांचे दिवस येतात, तिथे गॅलरीत किंवा पत्र्याखाली ठेवलेला ससा दुपार काढेलच याचा भरवसा नाही. घरातल्या सगळ्यात गार खोलीत, शहाबादी किंवा साध्या फरशीवर त्याला जागा द्या. पाण्याची बाटली गोठवून टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवली की तो तिला टेकून पडतो. नागपूरच्या कोरड्या हवेत कूलर कामाचा आहे. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत कूलरने ओलावा तेवढा वाढतो, तिथे पंखा, मोकळी हवा आणि जमलं तर एसी. पाणी नळीच्या बाटलीपेक्षा जड वाडग्यातून द्या, त्यातून तो जास्त पितो. दोन किलोचा ससा दिवसाला १०० ते ३०० मिलिलिटर पाणी पितो, उन्हाळ्यात वरच्या आकड्याकडे.

ससा एरवी नाकानेच श्वास घेतो. तो तोंड उघडून धापा टाकत असेल, लाळ गळत असेल, अंग सैल पडलं असेल तर त्याला ऊन बाधलं आहे. कान साध्या पाण्याने ओले करा, पंख्याखाली घ्या आणि दवाखाना गाठा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, त्या धक्क्यानेच तो जाऊ शकतो. तसंही सशाला आंघोळ घालायची नसते. तो स्वतःला चाटून स्वच्छ ठेवतो. शेपटीखाली घाण चिकटली असेल तर तेवढाच भाग ओल्या कापडाने पुसून पूर्ण कोरडा करा. पावसाळ्यात हे टाळलंत तर माशा तिथे अंडी घालतात आणि दिवसा-दोन दिवसांत अळ्या पडतात.

घर आणि हाताळणी

पिंजरा हे त्याचं झोपायचं ठिकाण असावं, दिवसातले तीन-चार तास तरी त्याला मोकळं फिरू द्या. तळाला तारेची जाळी नको. कुत्र्या-मांजरासारख्या गाद्या सशाच्या तळव्यांना नसतात, नुसते केस असतात. जाळीवर ते झडतात आणि जखमा होतात. वायरी मात्र झाकून ठेवा, तो त्या कुरतडणारच.

कान धरून उचलायचं नाही, कधीच नाही. सशाची हाडं हलकी आणि मागचे पाय जोरकस असतात. घाबरून झटका दिला तर त्याचा स्वतःचाच कणा मोडतो. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, आणि अंगाशी धरून. मुलांना जमिनीवर बसूनच खेळू द्या. पाठीवर उताणा पाडला की तो निपचित पडतो, त्याचे व्हिडिओही काढतात. तेव्हा तो भीतीने गोठलेला असतो.

पिल्लं आणि नसबंदी

चार महिन्यांपासून सशांना पिल्लं होऊ शकतात. गाभणकाळ ३० ते ३२ दिवसांचा, आणि व्यायल्याबरोबर मादी पुन्हा गाभण राहू शकते. दुकानदाराने दोन्ही माद्या म्हणून दिलेली जोडी बऱ्याचदा तशी नसते, लहानपणी लिंग ओळखणं अवघडच. घरात पिल्लं झालीच तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. आई दिवसातून एक-दोनदाच, काही मिनिटांसाठी पाजायला येते आणि बाकी वेळ लांब बसते. तिने टाकलं असं समजून लोक गाईचं दूध पाजतात आणि पिल्लं मरतात. सकाळी पोटं गरगरीत आणि अंगं ऊबदार असतील तर तिचं काम चोख चाललंय. आठ आठवड्यांपर्यंत पिल्लं आईजवळ राहू द्या. बाजारात मुठीत मावणारी, तीन-चार आठवड्यांची पिल्लं विकतात, त्यांचं पोट गवताला तयारच झालेलं नसतं. ती गोंडस दिसतात म्हणून घेऊ नका.

शेतात सापडणारं सशाचं पिल्लू वेगळं. ते आपल्या रानातल्या भारतीय सशाचं, जन्मतःच अंगावर लव आणि डोळे उघडे. घरी पाळतात ते ससे मूळ स्पेन-पोर्तुगालकडच्या, बिळात राहणाऱ्या जातीचे, त्यांची पिल्लं उघडी आणि आंधळी जन्मतात. रानससा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे, त्याला घरी आणू नये. आई जवळपासच असते.

मादीची नसबंदी फक्त पिल्लं थांबवण्यासाठी नसते. चार वर्षांपुढच्या माद्यांमध्ये गर्भाशयाचा कर्करोग खूप मोठ्या प्रमाणात आढळतो. नराची शस्त्रक्रिया सोपी आहे, पण त्यानंतर महिना-दीड महिना त्याला मादीपासून दूर ठेवावं लागतं, तेवढ्या काळात तो पिल्लं देऊ शकतो. शस्त्रक्रियेआधी सशाला उपाशी ठेवायचं नसतं. त्याला उलटी होत नाही आणि रिकामं पोट घातक ठरतं. कुत्र्यांप्रमाणे रात्रभर उपाशी ठेवा असं कुणी सांगितलं, तर त्या डॉक्टरांना सशांचा अनुभव कमी आहे असं समजून दुसरीकडे विचारा.

डॉक्टर आधीच शोधून ठेवा, ससा आणण्याआधी. कुत्र्या-मांजरांचे सगळेच दवाखाने ससे बघत नाहीत. सशांना भूल देता का, दाढा घासून देता का, हे फोनवरच विचारा. औषधांबाबत दोन नावं घरातल्या सगळ्यांना पाठ असू द्या. अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक तोंडावाटे दिलं तर पोटातले चांगले जिवाणू मरतात, विष सोडणारे माजतात आणि ससा चार-आठ दिवसांत मरू शकतो. घरच्या कपाटात ते जवळपास नेहमी असतं, म्हणून हे सांगते. दुसरं फिप्रोनिल, कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मानेवर टाकतात ते. सशाला ते विषारी आहे. सशाला खरूज झाली, कानात खपल्या धरल्या, तर त्यासाठी वेगळी आणि सुरक्षित औषधं आहेत, पण ती वजन करून आणि डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेतच द्यायची. घरातला कुत्रा आणि ससा एकत्र खेळत असतील तर कुत्र्याला फिप्रोनिल घातल्यावर दोन-तीन दिवस दोघांना वेगळं ठेवा.